आकाशाचे कुंपण : राज्याची सुरक्षितता आणि खाजगी वैमानिक

जमिनीला बांध असतो, नदीला काठ असतो, गावाला शीव असते. आकाशास मात्र यांपैकी काहीच नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. चामटोलीच्या शिवारातून चंदेरीच्या सुळक्याकडे पाहणाऱ्यास वरचे निळे आकाश अगदी मोकळे दिसते. त्यातून घार जाते, ढग जातात, आणि मुंबईकडे उतरणारी विमानेही जातात. परंतु याच आकाशावर अदृश्य रेषांचे एक दाट जाळे विणलेले आहे. कोणी कोठून, किती उंचीवरून, कोणत्या वेळी व कोणास विचारून उडावे, हे सर्व त्या रेषांनी ठरते. त्यांपैकी काही रेषा दोन विमानांची टक्कर होऊ नये म्हणून आखलेल्या आहेत. त्यांविषयी कोणाचीच तक्रार नसते. दुसऱ्या काही रेषा राज्याच्या सुरक्षिततेसाठी आखल्या जातात. या दुसऱ्या प्रकारच्या रेषांचा भार सर्वांत अधिक कोणावर पडतो, आणि तो योग्य आहे किंवा कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खाजगी वैमानिक कोणास म्हणावे, हे पाहू. जो उतारूंकडून भाडे घेत नाही, सैन्याच्या नोकरीत नाही, आणि केवळ आपल्या हौसेने अथवा कामासाठी लहान विमान चालवितो, तो खाजगी वैमानिक होय. आपल्या देशात हा परवाना मिळविण्यास वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, दहावीची परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, आणि निदान ४० तास प्रत्यक्ष उड्डाण केलेले असावे लागते. म्हणजे आपल्या शाळेच्या शेवटच्या वर्गातील विद्यार्थी या परवान्यापासून वयाने दोन-तीन वर्षांच्याच अंतरावर आहे. सबब हा विषय केवळ श्रीमंतांच्या करमणुकीचा आहे, असे मानून सोडून देणे बरे नव्हे. पुढे मोठी विमाने चालविणारे वैमानिक प्रथम लहान विमानावरच हात बसवितात.

आता कायद्याकडे वळू. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो नगरीत अनेक राष्ट्रांनी विमानवाहतुकीसंबंधी एक करार केला. त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे, असे मान्य करण्यात आले. नवव्या कलमात लष्करी गरजेसाठी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी काही क्षेत्रे निषिद्ध ठरविण्याचा अधिकार राष्ट्रांस दिला आहे. मात्र त्याबरोबरच एक मर्यादाही घातली आहे : अशी क्षेत्रे वाजवी आकाराची व वाजवी ठिकाणी असावीत, आणि त्यांच्यामुळे विमानसंचारास विनाकारण अडथळा होऊ नये. हा करार मुख्यतः राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारासाठी आहे हे खरे. तथापि त्यातील हे वाजवीपणाचे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्याकडे १९३४ साली विमानांसंबंधी कायदा झाला व १९३७ साली त्याखाली सविस्तर नियम झाले. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. १९३७ च्या नियमांस जोडलेल्या निषिद्ध क्षेत्रांच्या यादीत मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दखम्याभोवतीचा प्रदेश नोंदला गेला. अंत्यविधीच्या स्थानावरून विमाने जाऊ नयेत, ही त्यामागील भावना उघड आहे. पुढे याच यादीत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची भर पडली. एके ठिकाणी श्रद्धेचा मान, दुसऱ्या ठिकाणी राष्ट्राचे संरक्षण. कारणे अगदी भिन्न. परंतु दोन्ही ठिकाणी जागा निश्चित, कारण स्पष्ट, आणि नकाशावर पाहून वैमानिकास आपला मार्ग बदलता येईल अशी सोय. अशा निर्बंधाने कोणाचे पंख कापले जात नाहीत.

मुंबईच्या खाजगी वैमानिकांचा इतिहास जुहूपासून सुरू होतो. १९२८ साली तेथे विमानतळ झाला, आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होय. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी स्वतः एक लहानसे विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले. या देशातील टपाल व उतारू वाहतुकीचा प्रचंड व्यवसाय एका हौशी वैमानिकाच्या त्या उड्डाणातून उगवला, हे विसरता कामा नये. त्या काळी निर्बंध कडक असते, तर ते बीज रुजले असते काय, हा प्रश्न सहज मनात येतो.

निर्बंधांचा खरा काळ युद्धाबरोबर आला. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्लंडात खाजगी उड्डाणे बंद झाली, ती १ जानेवारी १९४६ रोजी पुन्हा सुरू झाली. परंतु त्या सहा वर्षांत तेथील खाजगी वैमानिक रिकामे बसले नाहीत. वय, दृष्टी अथवा अन्य कारणाने ज्यांस वायुदलात प्रवेश नव्हता, अशा पुरुषांस व पुढे स्त्रियांसही कारखान्यांतून लढाऊ विमाने तळांवर पोहोचविण्याच्या कामी घेण्यात आले. अमेरिकेतही १९४१ च्या डिसेंबरात नागरी वैमानिकांची एक गस्त-संघटना उभी राहिली, आणि १९४२-४३ मध्ये तिच्या लहान विमानांनी समुद्रकिनाऱ्यावर शत्रूच्या पाणबुड्यांचा शोध घेतला. यावरून असे दिसते की, संकटकाळी ज्याच्यावर प्रथम बंदी येते, त्याच नागरिकाचे कौशल्य राज्यास थोड्याच दिवसांत हवे असते. शांततेच्या काळी ते कौशल्य वाढू दिले नसेल, तर युद्धकाळी ते आणावयाचे कोठून?

त्याच महायुद्धाची एक खूण आपल्या अगदी शेजारी आहे. कल्याणजवळ त्या वेळी सैनिकांची मोठी छावणी पडली होती. फाळणीनंतर तिच्यात सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. त्याच सुमाराच्या लष्करी गरजेतून मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथे विमानांची धावपट्टी बांधण्यात आली. तिच्यासाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, विमाने गेली, परंतु जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, गरज सरल्यावर जमीन परत मिळावयास हवी होती. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, जमीन रीतसर घेतलेली आहे व ती संरक्षणाच्या कामी लागणार आहे. नौदलातर्फे तेथे कुंपण घालण्याचे काम चालले असता २२ जून २०१७ रोजी हा वाद पेटला. वाहने जाळण्यात आली, पोलीस व ग्रामस्थ दोघेही जखमी झाले. छावणीचे नगर झाले. धावपट्टीवर मात्र ना खाजगी विमान उतरते, ना निर्वेधपणे नांगर चालतो. या वादात कोणाची बाजू कायद्याने खरी, हे ठरविणे आपले काम नव्हे. परंतु युद्धाच्या निमित्ताने घातलेले बंधन युद्धानंतर केव्हा व कोणी उठवावे हे आरंभी ठरविले नाही, तर पुढच्या पिढ्यांस त्याचे मोल द्यावे लागते, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

आता दुसरी बाजू पाहू. कारण राज्याची भीती निराधार आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २८ मे १९८७ रोजी मथियास रुस्ट नावाचा १८ वर्षांचा जर्मन तरुण एका भाड्याच्या लहान विमानातून फिनलंडहून निघाला, आणि सोव्हिएत राष्ट्राचे सारे हवाई संरक्षण ओलांडून थेट मॉस्कोच्या रेड स्क्वेअरजवळ उतरला. त्यास उड्डाणाचा अनुभव जेमतेम ५० तासांचा होता. त्याने कोणास इजा केली नाही. तथापि त्या राष्ट्राच्या संरक्षणमंत्र्यास आपले पद सोडावे लागले. आपल्याकडे १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका परकी मालवाहू विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा आपल्या आकाशात आले असता त्यास मुंबईस उतरविण्यात आले. परंतु मुख्य आरोपींपैकी एक जण विमानतळावरूनच निसटला. आणि ११ सप्टेंबर २००१ चा अमेरिकेतील हल्ला तर सर्वविदितच आहे.

या तीन उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुरुलियाचे विमान मोठे मालवाहू होते. २००१ च्या हल्ल्यात वापरलेली विमाने उतारू वाहणारी प्रचंड विमाने होती. असे असताही त्यानंतरच्या निर्बंधांचा भार दीर्घकाळ लहान विमानांवर राहिला. हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी अमेरिकेतील उतारू विमाने हळूहळू उडू लागली. परंतु वॉशिंग्टनलगतचे तीन लहान विमानतळ फेब्रुवारी २००२ पर्यंत बंद राहिले, आणि उघडले तेही केवळ तेथेच विमान ठेवणाऱ्या व चौकशीतून पार पडलेल्या वैमानिकांसाठी. त्या तिघांत कॉलेज पार्क हा १९०९ साली सुरू झालेला विमानतळ होता, जेथे विल्बर राइट याने सैन्याधिकाऱ्यांस उड्डाण शिकविले. राजधानीतील मुख्य विमानतळावर खाजगी विमानांस २००५ च्या ऑक्टोबरपर्यंत प्रवेश नव्हता. मोठ्या कंपनीजवळ पहारेकरी असतात, वकील असतात, सरकारदरबारी वजन असते. एकट्या वैमानिकाजवळ यांतील काहीच नसते. म्हणून बंदी घालावयाची झाल्यास त्याच्यावर ती घालणे सर्वांत सोपे जाते.

आपल्याकडील स्थिती काय आहे? खाजगी वैमानिकास एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर उड्डाणाचा आराखडा आधी द्यावा लागतो, आणि हवाई संरक्षण खात्याचा संमती-क्रमांक मिळवावा लागतो. गजबजलेल्या मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानांस जागा उरली नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाणशिक्षण धुळ्यास गेले, आणि जुहूस आता मुख्यतः हेलिकॉप्टरे दिसतात. याचे कारण अर्थात वाहतुकीची दाटी हेही आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला, तेव्हा उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीस बंद करण्यात आले. तो निर्बंध कडक होता. परंतु त्यास मुदत होती, आणि शस्त्रे थांबताच १२ मे रोजी, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्याही आधी, तो उठला.

याहून निराळा प्रकार पोलिसांच्या आदेशांचा आहे. मुंबई शहरात पॅराग्लायडर, दूरनियंत्रित लहान विमाने, ड्रोन व उष्ण हवेचे फुगे उडविण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. ते बहुधा महिनाभराचे असतात, आणि मुदत संपली की पुष्कळदा नवा आदेश निघतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. २००८ च्या २६ नोव्हेंबरचा घाव सोसलेल्या शहराने सावध राहावे, हे योग्यच आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरसंबंधीच्या एका निकालात असे सांगितले आहे की, कलम १४४ चे आदेश कारणांसह प्रसिद्ध झाले पाहिजेत, ते प्रसंगाच्या प्रमाणात असले पाहिजेत, आणि तेच ते आदेश पुनःपुन्हा काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय.

याउलट २०२१ च्या ऑगस्टमध्ये झालेले ड्रोनविषयक नियम पाहावेत. त्यांत आकाशाची लाल, पिवळी व हिरवी अशी विभागणी करून नकाशा सर्वांस खुला केला आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून उडावयाचे नाही. पिवळ्यात वाहतूक-नियंत्रकाची परवानगी घ्यावयाची. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास चालकाचा परवाना लागत नाही. मात्र स्थानिक मनाईहुकूम निघाला असता तोही पाळावाच लागतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. नियम स्पष्ट असले की सज्जनास ते पाळणे सोपे जाते, आणि दुर्जन लवकर उघडा पडतो. सर्वत्र सरसकट बंदी असली, तर पोलिसांचा वेळ पतंगाएवढे यंत्र उडविणाऱ्या मुलामागे जातो.

एवढ्या विवेचनावरून कोणताही निर्बंध पारखण्यास चार कसोट्या हाती येतात. पहिली, त्याची जागा निश्चित आहे काय? दुसरी, त्याची मुदत ठरलेली आहे काय? तिसरी, त्याचे कारण सांगितलेले असून ते प्रसंगाच्या प्रमाणात आहे काय? आणि चौथी, ज्याच्यावर तो पडतो त्यास दाद मागण्यास दार आहे काय? मलबार टेकडीवरील निषेध पहिल्या व तिसऱ्या कसोटीस उतरतो. तो कायमचा असला तरी त्याचे कारणही कायमचेच आहे. मे २०२५ चा निर्बंध दुसऱ्या कसोटीस उतरतो. महिन्यामागून महिना नवा होणारा आदेश दुसऱ्या कसोटीस केवळ कागदोपत्री उतरतो. आणि नेवाळीची कथा चौथे दार वेळेवर उघडले नाही तर काय होते, ते दाखविते.

कोणी म्हणेल, मूठभर वैमानिकांच्या हौसेसाठी लाखो लोकांच्या जिवाशी खेळ कशास? हा प्रश्न रास्त आहे, आणि जेथे जिवाचा खरा धोका आहे तेथे हौसेने माघार घेतलीच पाहिजे. परंतु मूठभरांचे स्वातंत्र्य ते मूठभर आहेत एवढ्याच कारणाने काढून घेण्याची राज्यास सवय लागली, तर ती सवय तेथेच थांबत नाही. विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी उद्या धुळ्यास अथवा बारामतीस जाऊन उड्डाण शिकेल. कोणी पोलीस अधिकारी वा कलेक्टर होऊन मनाईहुकुमावर सही करील. पहिल्याने हुकूम निमूटपणे पाळावा आणि त्याचे कारण सभ्यपणे विचारावे. दुसऱ्याने सही करण्यापूर्वी, हा हुकूम उठणार केव्हा, हे त्याच कागदावर लिहावे.