पळतंय कोण, बैल की डोंगर?

कडेगाव, जि. सांगली

चि. बाळ,

बैलगाडी शर्यतीच्या मैदानाच्या बॅनरसाठी केलेला फोटो मिळाला. बैल देखणे आलेत, रंगही नीट आहेत. पण बैल पळताना दिसत नाहीत, मागचा डोंगर पळतोय. तू शिंगांमागे, वशिंडामागे आणि छकडीमागे शेपट्या ओढल्यास, डोंगर अर्धा पुसलास आणि खुरांखालची माती मात्र खडा न् खडा मोजता येईल अशी ठेवलीस. नेमकं काय चुकलंय हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी बनवलेलं आहे हे त्याला लगेच कळेल. आपल्याकडच्या माणसाला तर नक्कीच, त्याचा जन्म बैल बघण्यात गेलाय.

फोटोशॉपमध्ये मोशन ब्लरच्या स्लायडरला हात लावायच्या आधी एक गोष्ट ठरवायची: शटर किती वेळ उघडं होतं असं आपण मानतोय, आणि तेवढ्या वेळात कोण किती सरकलं. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. बैलांचा वेग ताशी ४० किलोमीटर धर. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शटर १/५०० सेकंद असेल तर बैल तेवढ्यात दोन-सव्वादोन सेंटिमीटर सरकतो, म्हणून तुझ्या मूळ फोटोत तो थिजल्यासारखा दिसतो. १/३० सेकंदात तोच बैल ३७ सेंटिमीटर जातो. आता फोटोत मोज. बैल सव्वादोन मीटर लांब धरला आणि तो फोटोत १८०० पिक्सेलमध्ये बसला असेल, तर एका मीटरला ८०० पिक्सेल पडले. ३७ सेंटिमीटरचे झाले जवळपास ३००. मोशन ब्लरच्या डिस्टन्समध्ये हा आकडा घालायचा. तू किती घातला होतास ते विचारत नाही. डोंगराकडे बघून अंदाज येतो.

पुढचा प्रश्न, कॅमेरा काय करत होता? तो जागेवर असेल तर बैल फिसकटतो आणि डोंगर स्पष्ट राहतो. तो बैलाबरोबर फिरवला, म्हणजे पॅनिंग केलं, तर बैल स्पष्ट आणि बाकी सगळं फिसकटतं. तू दोन्ही अर्धं अर्धं केलंस. बॅनरला पॅनिंगच हवं, बैलाचं तोंड ओळखू आलं पाहिजे.

पॅनिंगमध्ये एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. त्यांना वाटतं जवळची माणसं जास्त फिसकटावीत आणि लांबचा डोंगर कमी. कराडहून विट्याला जाताना एसटीच्या खिडकीतून तसंच दिसतं, रस्त्याकडेचा ऊस सर्रकन जातो आणि डोंगर जागचा हलत नाही. पण तिथं तू स्वतः पुढे सरकत असतोस. मैदानात तू एका जागी उभा राहून कॅमेरा फक्त वळवतोस. नुसतं वळवल्यावर स्थिर असलेली प्रत्येक गोष्ट, कठड्यावरचं पोर असो की मागचा डोंगर, फोटोत सारखीच ताणली जाते. म्हणून मागचं सगळं एकाच आकड्याने, एकाच कोनात ओढ, आणि तो कोन धावपट्टीच्या चढाप्रमाणे ठेव.

माती मात्र विसरू नकोस. तीही स्थिर आहे, म्हणून तीही तेवढीच ओढली जाणार. बैलाची सावली बैलाबरोबर पळते, तेव्हा सावलीची कड स्पष्ट राहील, पण सावलीच्या आतली माती रेषारेषांची होईल. बारीक काम आहे, पण बैल जमिनीवर टेकतो तो त्यामुळेच.

पाय आणि चाकं यांच्यात खरी मजा आहे. जमिनीवर टेकलेला खूर त्या क्षणी जमिनीइतकाच स्थिर असतो, म्हणून पॅनिंगमध्ये तो मातीइतकाच फिसकटतो. पुढे फेकलेला पाय धडापेक्षा जोरात जातो, तोही फिसकटतो. धड आणि डोकं तेवढं स्पष्ट. पायांसाठी पाथ ब्लर वापर, प्रत्येक पायाला वेगळी रेघ काढ. चाकाला साधा मोशन ब्लर कधीच नको, स्पिन ब्लर लाव. तीन फूट उंचीचं चाक धरलं तर आपल्या १/३० सेकंदात ते सुमारे ४६ अंश फिरतं. आस स्पष्ट, आऱ्या पुसट, कड सगळीकडे सारखी ओढलेली. (कॅमेरा स्थिर असता तर गंमत वेगळी झाली असती: चाकाचा जमिनीला टेकलेला भाग जवळपास स्पष्ट आणि वरचा भाग छकडीच्या दुप्पट वेगाने गेलेला. कधीतरी करून बघ.)

त्या शेपट्यांबद्दल. वस्तू फिसकटते ती फक्त मागच्या बाजूला नाही. शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंतची सगळी जागा ती व्यापते, म्हणून पुढची कडही मागच्या कडेइतकीच विरते. नुसत्या मागे ओढलेल्या रेघा चित्रकथेत शोभतात.

करण्याचा क्रम सोपा आहे, पण आळस केलास तर फसतो. बैल, छकडी आणि ड्रायव्हर वेगळ्या लेअरवर घे. मग मागच्या लेअरवरून बैल पुसून ती जागा कंटेंट-अवेअर फिलने भर, आणि त्यानंतरच ब्लर लाव. तू हे केलं नाहीस, म्हणून बैलाभोवती पांढरी धुकट कड आली. तो बैलाचाच रंग मागे सांडलाय. लेअरचं स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेव, म्हणजे आकडा नंतर बदलता येईल. मागे उभ्या मोटरसायकलींच्या आरशांवरचं ऊन खऱ्या फोटोत लखलखीत रेघ होऊन येतं, तुझ्या फोटोत ते राखाडी पडलंय. रॉ फाइलपासून सुरुवात करून ३२ बिटमध्ये मोशन ब्लर लावलास तर बराच फरक पडेल. शेवटी नॉइज घाल. ब्लरने कॅमेऱ्याचा दाणा पुसला जातो आणि बैल दाणेदार, मैदान मेणासारखं असं दिसतं. पैसे नसतील तर गिंप फुकट आहे, त्यातही सरळ आणि गोल दोन्ही ब्लर मिळतात.

आता जरा कडक बोलतो. बॅनर ही जाहिरात आहे, तिथं हे चालतं. वर्तमानपत्राला किंवा स्पर्धेला बातमीचा फोटो म्हणून दिलास तर ती लबाडी होईल. शर्यतीच्या बाबतीत तर जास्तच सांभाळ. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तुझ्या वयाच्या पोरांना हे मैदान आयतं मिळालं. नियमांत ड्रायव्हरच्या हातात काठी-चाबूक वर्ज्य आहे. उद्या कुणी म्हणालं, ‘एवढा काठीचा हात जरा ब्लरमध्ये घाल,’ तर सरळ नाही म्हण. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मोहरमला आपल्या कडेगावच्या उंच ताबुतांवर हाच प्रयोग करायचा तुझा विचार ताईने फोनवर सांगितला. ताबुतांना वेग लावू नकोस. एवढी उंच गोष्ट हळूच चालते, आणि ताबुतांच्या भेटीच्या वेळी बघणाऱ्याचा श्वास अडकतो तो तिच्या उंचीमुळे. तिथं गर्दी हलते. ट्रायपॉड लावून एकाच जागेवरून दहा-वीस फोटो काढ, फोटोशॉपमध्ये एका स्टॅकमध्ये घाल आणि मीन निवड. सगळ्यांची सरासरी निघते, आणि हा ब्लर खऱ्या काळातून आलेला असतो. फक्त फार फ्रेम घेऊ नकोस. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. प्लेटला काही मिनिटं लागली, तेवढ्यात चालणारी माणसं, गाड्या सगळं नाहीसं झालं. बूट पॉलिशला पाय देऊन थांबलेला एक गृहस्थ आणि त्याचा पॉलिशवाला तेवढे ठळक उरले. आपल्याकडे ताबूत उचलणारे हिंदू-मुसलमान मिळून घाम गाळतात. तीच माणसं फोटोतून गेली तर मग काय काढलंस?

आणि एखाद्या मैदानात खरोखर १/३० वर पॅनिंग करून बघ. बरेच वाया जातील. दोन-चार जमतील ते स्क्रीनशेजारी उघडे ठेवून काम कर, माझ्या आकड्यांपेक्षा ते जास्त शिकवतील.

बॅनर छापायला टाकण्याआधी मूळ फाइल लेअरसकट पाठव. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून नको, तिथं तो दाबला जातो आणि दाणा दिसत नाही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा