मामांचे फॉरवर्ड

प्रश्न : नांदेडचे मामा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर फॉरवर्ड टाकतात. परवा ‘आज रात्री मोठा भूकंप, घराबाहेर झोपा’ असा मेसेज आला. आई रात्रभर जागी. ग्रुप म्यूट केला तर मामांना कळेल आणि ते दुखावतील. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : म्यूट केल्याचं मामांना अजिबात कळत नाही, निर्धास्त करा. ग्रुप सोडला तर मात्र अॅडमिनला कळतं, शिवाय लग्नकार्याचे निरोप चुकतात, ते नकोच.

भूकंपाच्या मेसेजचं एवढ्यावर भागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांची झोप अशा एका ओळीनं उडते. २१ मार्च २०२४ला हिंगोली-नांदेडकडे खरोखरच धक्के बसले होते, त्यामुळे विश्वासही पटकन बसतो. पण आज रात्री, अमक्या वाजता भूकंप होईल, हे आधी सांगणारं शास्त्र जगात कुठंच नाही. वेळ दिलेला मेसेज अफवाच समजा. आईंना हे आजच शांतपणे सांगा.

मामांना ग्रुपवर टोकू नका. चारचौघांत खोटं पडलेलं थोरल्या माणसाला फार लागतं. फोन करा : ‘मामा, त्या मेसेजनं आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. असं काही आलं तर आधी मला पाठवा, मी बघून सांगतो.’ बसलेल्या धक्क्यांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर मिळते.