रिमोट हरवला, मेमरी पुसली, तरी शटर उघडलं? असं का होतं, ते समजून घ्या



व्हिडिओत आपण रोलिंग शटरच्या रिसीव्हरला रिमोट कसा जोडायचा आणि कसा काढायचा, ते बघितलं. बटण दाबणं पाच मिनिटांत जमतं. पण या कामात पैसे बटण दाबण्याचे मिळत नाहीत, गिऱ्हाईकाचा गाळा सुरक्षित करण्याचे मिळतात. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

समजा, एका कापड दुकानदाराचा फोन आला. "कामावरचा मुलगा सोडून गेला, रिमोट त्याच्याकडेच राहिला. तेवढा एक डिलीट करायला किती घ्याल?" इथे घाईने आकडा सांगायचा नाही. आधी तीन प्रश्न विचारा.

१. एकूण रिमोट किती आणि कोणाकोणाकडे?
बाजारातल्या बऱ्याच साध्या रिसीव्हरमध्ये एकच रिमोट निवडून काढता येत नाही. पुसायचं म्हणजे सगळीच मेमरी पुसायची आणि ठेवायचे रिमोट पुन्हा एकेक करून नोंदवायचे. पाचपैकी एक गेला असेल, तर काम एकाचं नाही, चार रिमोटचं आहे. उदाहरणादाखल, व्हिजिटचे ३०० आणि प्रत्येक नोंदणीचे ५० धरले, तर बिल होतं ३०० + (४ × ५०) = ५०० रुपये. हे फोनवरच सांगा. आणि चारही रिमोट त्या वेळी दुकानात हवेत, हेही सांगा. एक रिमोट गावाला गेलेल्या भावाकडे राहिला, तर तुमची दुसरी फेरी फुकट जाईल.

२. रिसीव्हर कुठला?
मॉडेलचा फोटो मागवा. साधारण पद्धत अशी असते: लर्न बटण थोडा वेळ दाबलं की लाईट लागते, मग रिमोटचं बटण दाबलं की लाईट लुकलुकते आणि नोंद होते. तेच लर्न बटण बराच वेळ दाबून धरलं की मेमरी साफ होते. पण किती सेकंद धरायचं आणि लाईट कशी दिसते, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यामुळे माहितीपत्रक बघितल्याशिवाय हात लावू नका.

३. यातला एखादा रिमोट कधी बाजारातून कॉपी करून घेतलाय का?
हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

रिसीव्हर रिमोटचा चेहरा ओळखत नाही, फक्त त्याचा कोड ओळखतो. आपल्याकडचे पुष्कळ रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यात ईव्ही१५२७ सारखी फिक्स कोडची चिप असते. तिचा कोड २० बिटचा, म्हणजे १० लाखांहून जास्त वेगवेगळे कोड शक्य आहेत. कंपनीतून आलेल्या रिमोटला स्वतःचा कोड असतो. पण कॉपी केलेल्या रिमोटमध्ये मूळ रिमोटचाच कोड उतरतो.

आता बघा काय होतं. मालकाच्या रिमोटवरून त्या मुलासाठी कॉपी काढली होती. तुम्ही मेमरी साफ केलीत. मालकाचा रिमोट परत नोंदवलात. त्याच क्षणी मुलाकडचा रिमोटही पुन्हा चालू झाला! मालक निश्चिंत झोपला, तुम्ही पैसे घेतलेत, आणि शटर मात्र तितकंच उघडं.

मग ओळखायचं कसं?
सगळे रिमोट टेबलावर मांडा, त्यांना १, २, ३ असे नंबर चिकटवा. मेमरी साफ करा. फक्त १ नंबरचा नोंदवा आणि बाकीचे दाबून बघा. न नोंदवता जो चालेल, तो १ नंबरची कॉपी. मग २ नंबरचा नोंदवा, उरलेले दाबून बघा. असं शेवटपर्यंत करा. हरवलेला रिमोट मात्र असा तपासता येत नाही. तो ज्या रिमोटची कॉपी असण्याची शक्यता आहे, तो रिमोट परत नोंदवायचाच नाही. त्या जागी स्वतःचा कोड असलेला नवा रिमोट द्या.

ज्या दुकानात माल महागाचा आहे किंवा माणसं सारखी बदलतात, तिथे रोलिंग कोडचा रिसीव्हर आणि त्याचेच रिमोट सुचवा. मायक्रोचिपच्या एचसीएस३०१ सारख्या चिपमध्ये प्रत्येक दाबाला कोड बदलतो, त्यामुळे साधं कॉपी मशीन तिथे कामाचं नाही. अशा रिमोटशी मुलं घरी खेळत बसली, तर तो रिसीव्हरच्या पुढे निघून जातो. साधारण १६ दाबांपर्यंत रिसीव्हर सांभाळून घेतो. त्यापुढे गेला तर रिसीव्हरजवळ लागोपाठ दोनदा दाबल्यावर बहुधा पुन्हा जुळतो. "रिमोट बिघडला" म्हणून लगेच नवा विकू नका. असा खरेपणा गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

सुरक्षा
कव्हर उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, आत २३० व्होल्ट असू शकतात. लर्न बटण कुठे आहे ते सप्लाय बंद असतानाच बघून ठेवा. आत उघड्या वायर दिसल्या तर इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि रिमोट तपासताना शटरखाली कोणी उभं नको, तुम्हीसुद्धा नाही.

काम संपलं असं कधी म्हणायचं?
ठेवलेला प्रत्येक रिमोट चालतो आणि काढलेला, हाताशी असेल तर, चालत नाही. दोन्ही गोष्टी मालकासमोर दाखवा. मग बिलामागे लिहा: तारीख, रिसीव्हरचं मॉडेल, किती रिमोट नोंदवले, कुठला नंबर कोणाकडे. एक प्रत त्यांना, एक तुमच्या वहीत. पुढच्या वेळी माणूस बदलला की मालक तुम्हालाच फोन करेल, कारण त्याच्या शटरचा हिशोब तुमच्याकडे आहे.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या किंवा ओळखीच्या एका दुकानाची अशी रिमोट यादी करा. "एकूण किती रिमोट आहेत?" एवढं विचारून बघा. मालक उत्तर द्यायला अडखळला, तर समजा, तुमचं पहिलं गिऱ्हाईक समोरच उभं आहे.