होडीचे यंत्र कुठे असते?

मुलांनो, मोटारहोडीचे यंत्र पाण्यातला पंखा फिरवते. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून होडी पुढे जाते. पण यंत्र कुठे असते? बघा हं :

१) बाहेर : लहान होडीच्या मागच्या फळीला अडकवतात. यंत्रच वळवले की होडी वळते. उथळ पाण्यात ते वर उचलता येते.

२) आत : मच्छीमारांच्या मोठ्या होडीत डिझेल यंत्र आत असते. लांब दांडा तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. वळायला सुकाणू लागते.

३) अर्धे आत, अर्धे बाहेर : यंत्र आत, पंखा मात्र मागच्या फळीबाहेर. ही जोडणी स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली आणली.

लक्षात ठेवा : पंख्याला डोळे नसतात! यंत्र पूर्ण बंद झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका, होडीच्या मागे पोहू नका.