खुपरी गेली, हे कसे ओळखायचे?

पापणीचे केस आत वळून बुबुळावर सतत घासत राहिले तर काय होईल? बुबुळ हळूहळू पांढरे पडते आणि दृष्टी जाते. खुपरी या रोगाची ही अखेर. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जिवाणू लहानपणी डोळ्यात शिरतो. हात, रुमाल आणि माश्या त्याला एका मुलाकडून दुसऱ्याकडे नेतात. संसर्ग वारंवार झाला की पापणीच्या आत व्रण पडतात व पापणी आत ओढली जाते.

खुपरीविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९६३ मध्ये सुरू झाला. भारतात ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे एकही जंतू उरला नाही, असे नव्हे! १ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ५ पेक्षा कमी मुलांच्या पापणीआड पांढुरके दाणे दिसावेत, हा त्यातला एक निकष. पण असे दाणे इतर कारणांनीही येतात. शिवाय रोग विरळ झाला की खरी खुपरी पाहिलेले तपासनीसही विरळ होतात. मग रोग परत आला तर कळणार कसे?

येथे रक्त कामी येते. संसर्ग झाल्यावर शरीर प्रतिपिंडे तयार करते, आणि डोळा बरा झाला तरी ती वर्षानुवर्षे टिकू शकतात. या जिवाणूच्या पीजीपी-३ नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. त्यासाठी बोटातून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठविले तरी चालते. टांझानिया, इथिओपिया या देशांत अशा चाचण्यांचा अभ्यास झाला आहे.

तुम्ही म्हणाल, वर्षानुवर्षे टिकणारी खूण आजची बातमी कशी देईल? ती मुलाच्या वयावरून कळते. नंदुरबार जिल्ह्यातले कळसाडी गाव डोळ्यांसमोर आणा; आकडे मात्र सारे कल्पित बरे का! समजा, संसर्ग न झालेल्या दर १०० मुलांमागे ५ मुलांना दरवर्षी नव्याने संसर्ग होतो. तर एक वर्षाच्या शंभर मुलांत ५ जणांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडतील, दोन वर्षांच्या मुलांत सुमारे १०, आणि नऊ वर्षांच्या मुलांत सुमारे ३७. (४५ का नाहीत, ते वहीत मांडून पाहा.) आलेख वयाबरोबर चढत जाईल.

आता समजा, संसर्ग सहा वर्षांपूर्वी थांबला. मग सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे रक्त कोरे राहील, आणि आलेखाचा चढ त्यापुढे सुरू होईल. पुढच्या पाहणीत दोन-तीन वर्षांच्या मुलांत प्रतिपिंडे दिसू लागली, तर रोग परतल्याची शंका घ्यावी व डोळे पुन्हा तपासावेत.

एक वर्षाखालची बालके यात घेत नाहीत, कारण त्यांच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असू शकतात. मोठ्यांचाही उपयोग नाही. त्यांची प्रतिपिंडे फार जुन्या संसर्गाची असतील, किंवा याच जिवाणूच्या डोळ्यांशी संबंध नसलेल्या प्रकारांची. आणि एकट्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली म्हणून त्याला आज खुपरी आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत. ही चाचणी गावाची आहे, त्या मुलाची नव्हे.