कापलेला कर परत मागा



आमच्या गावातल्या एका वहिनींची ही गोष्ट आहे. वय बावन्न. दीड एकर कोरडवाहू जमीन. धनी वारले तेव्हा विम्याचे ८ लाख रुपये आले. एप्रिल २०२२ मध्ये वहिनींनी ते बँकेत मुदत ठेवीत ठेवले. दर तीन महिन्यांनी व्याज येई. त्यातून लेकीच्या कॉलेजची फी भरली जाई.

वहिनी आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पासबुक घेऊन आल्या.

"गुरुजी, व्याज १२,००० जमा झालंय. पण खाली १,२०० वजा झाल्यात. वर्षात असं चार बारी झालंय. हे पैसं कुणी नेलं?"

मी आकडे पाहिले. चार वेळा १,२०० म्हणजे ४,८०० रुपये.

"वहिनी, हे कुणी चोरले नाहीत. त्या वर्षी व्याज ४०,००० रुपयांच्या वर गेले, की बँकेला शंभरास दहा रुपये कर कापावा लागे. तुमचे व्याज झाले ४८,०००. बँकेने कर कापून सरकारात भरला."

"पर मला कसला आलाय कर? शेतात खायापुरती ज्वारी व्हती."

वहिनींचे म्हणणे बरोबर होते. त्या वर्षी अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नव्हता. म्हणजे सगळे ४,८०० रुपये त्यांचेच. पण ते आपोआप घरी येत नाहीत. त्यासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे लागते. विवरणपत्र म्हणजे वर्षभराच्या कमाईचा हिशेब.

हिशेब देण्याची मुदत ३१ जुलै २०२३ ला संपली होती. उशिरा देण्याची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर. त्या दिवशी होती २६ तारीख. हातात थोडेच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कामाला लागल्या. बँकेतून कर कापल्याचा दाखला आणला. पॅन कार्ड आधारला जोडलेले आहे का, ते पाहिले. पॅनवर सरकारदरबारी ४,८०० रुपयेच जमा दिसतात ना, हेही ताडून पाहिले. मग लेकीने संगणकावर प्राप्तिकर खात्याच्या ठिकाणी हिशेब भरला. वहिनींनी बँक खात्याचा नंबर एकेक आकडा वाचून तपासला. एक आकडा चुकला होता. तो तिथेच दुरुस्त केला.

लेक म्हणाली, "झालं!" मी म्हणालो, "थांब पोरी. अजून पडताळणी राहिली." हिशेब भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो. तो भरला, की काम पुरे होते. हे राहिले, तर भरलेला हिशेब वाया जातो.

वहिनींचे उत्पन्न कराच्या मर्यादेच्या आत होते. म्हणून उशिराचा दंड लागला नाही. पुढे ४,८०० रुपये खात्यात जमा झाले. ते लेकीच्या परीक्षेच्या फीला उपयोगी पडले.

ध्यानात ठेवा

१. पासबुक दर तीन महिन्यांनी भरून घ्या आणि स्वतः वाचा.

२. आपल्यावर कर बसत नसेल, तर एप्रिलमध्येच बँकेत तसे लिहून द्या. त्याचा छापील कागद बँकेत मिळतो. सोबत पॅन द्यावा लागतो. मग कर कापला जात नाही.

३. डिसेंबरही निघून गेला, तर उशिराचे खरे कारण देऊन प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या नियमाने त्याला पाच वर्षांची मर्यादा आहे. पण अर्ज मंजूर होईलच असे नाही. म्हणून वेळ चुकवू नका.

४. "कर परत देतो, मोबाइलवर आलेला आकडा सांगा," असा फोन आला, तर काही सांगू नका. तो ठग समजा.

उत्तरे द्या

१. वहिनींचे किती रुपये कापले गेले?

२. त्यांना कर का लागत नव्हता?

३. पडताळणी किती दिवसांत करावी लागते?

४. आज घरी जाऊन आपले पासबुक वाचा. वजा झालेल्या रकमा वहीत लिहून आणा.