ख्रिस्तजयंतीच्या विलायती चाली : पानें आणि फळ

(मंडळींतील अभ्यासाकरितां. वाचन : लूक २:१–२०, लूक १४:१२–१४, रोम १४:५–६)



डिसेंबर महिना जवळ आला म्हणजे मंडळ्यांतून एक प्रश्न ऐकूं येतो : आमच्या घरीं सजविलेलें झाड नाहीं, नवीं वस्त्रें घेण्यास पैका नाहीं; मग आमची ख्रिस्तजयंती खरी कशी? कोणी ह्या चालींस देवाची आज्ञा समजून कर्ज काढतो. कोणी त्यांस परक्यांचें वेड म्हणून हिणवितो. दोघांसही नम्रपणें उत्तर देतां यावें म्हणून इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत त्या चाली कशा उत्पन्न झाल्या हें पाहूं.

१. दिवस. प्रभूच्या जन्माचा महिना किंवा तारीख शास्त्रांत सांगितलेली नाहीं. रोम शहरांतील मंडळी २५ डिसेंबर हा दिवस पाळीत असे, असा लेखी पुरावा इ. स. ३३६ च्या सुमाराचा आहे. म्हणजे तो प्रेषितांच्या काळानंतर दोनशेंहून अधिक वर्षांनीं आढळतो. तेव्हां हा दिवस मंडळीनें आपल्या हितासाठीं नेमिला. तो मोशेच्या आज्ञांसारखा नाहीं.

२. मनाई. इंग्लंडांत प्युरिटन नांवाचे देवभीरू लोक होते. शास्त्रांत ह्या सणाची आज्ञा नाहीं आणि सणाच्या निमित्तानें लोक मद्यपान व जुगार करितात, हें पाहून त्यांच्या पार्लमेंटानें १६४७ सालीं हा सण बंद केला. १६६० सालीं राजा परत आल्यावर तो पुन्हा सुरू झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १६५९ सालीं कायदा झाला कीं, जो हा सण पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. तरी तेथील पुष्कळ मंडळ्या पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ हा दिवस पाळीत नसत. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस पाठविणारी संस्था बोस्टन शहरांतील, म्हणजे ह्याच प्रांतांतील होती. ज्यांनीं आपल्या लोकांकडे शुभवर्तमान आणिलें त्यांनीं झाड आणिलें नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें.

३. झाड, म्हातारा व कार्ड. त्या देशांत डिसेंबरांत थंडी कडक असते. लंडन शहरीं दिवस आठ तासांहूनही लहान होतो आणि बहुतेक झाडांचीं पानें गळून जातात. म्हणून जीं थोडीं झाडें हिरवीं राहतात त्यांच्या फांद्या घरांत आणून लोक आनंद मानीत. मेणबत्त्यांनीं सजविलेलें झाड ही मूळची जर्मन लोकांची चाल. १८४८ सालीं राणी व्हिक्टोरिया आपल्या कुटुंबासह अशा झाडाभोंवतीं उभी असल्याचें चित्र एका वर्तमानपत्रांत छापलें गेलें, आणि मग ती चाल घरोघर गेली.

सांता क्लॉज म्हणून जो लाल झग्याचा म्हातारा दाखवितात, त्याचें नांव चौथ्या शतकांतील बिशप निकोलस ह्याच्यावरून आलें. निकोलस मायरा नगरीं होता, कैदी पौलानें जेथें जहाज बदललें तेंच हें नगर (प्रे. कृ. २७:५). ह्या बिशपाच्या दानशीलतेच्या गोष्टी लोकांत राहिल्या. डच लोकांनीं त्या अमेरिकेंत नेल्या. आणि १८६३ पासून थॉमस नॅस्ट ह्या चित्रकारानें काढिलेल्या चित्रांनीं त्या म्हाताऱ्यास आजचें रूप येऊं लागलें.

छापील कार्ड प्रथम १८४३ सालीं लंडनांत हेन्री कोल ह्यांनीं करविलें. त्याच्या मध्यभागीं एक कुटुंब हातीं द्राक्षारसाचे पेले घेऊन बसलें आहे. ह्याबद्दल मद्यनिषेधकांनीं दोष दिला, व तो योग्यच होता. परंतु त्याच कार्डाच्या एका बाजूस भुकेल्यांस अन्न व दुसऱ्या बाजूस उघड्यांस वस्त्र दिलेलें दाखविलें आहे.

४. गरिबांची आठवण. इंग्लंडांत २६ डिसेंबर ह्या दिवसास बॉक्सिंग डे, म्हणजे पेटीचा दिवस, म्हणतात. त्या दिवशीं चाकरांस व कारागिरांस पेटींतून बक्षीस देण्याची चाल होती. १८७१ पासून तो तेथें कायद्यानें सुट्टीचा दिवस झाला. हाच दिवस जुन्या मंडळींत स्तेफनाचा म्हणून पाळतात, आणि स्तेफन हा विधवांच्या रोजच्या वांटणीसाठीं निवडलेल्या सात जणांपैकीं होता (प्रे. कृ. ६:१–६). अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को शहरीं १८९१ सालीं मुक्तिफौजेचे जोसेफ मॅकफी ह्यांनीं रस्त्यावर एक हंडी टांगून गरिबांच्या जेवणासाठीं पैसे जमविले. ती हंडी आजही अनेक शहरांत टांगलेली दिसते.

५. बोध. झाड, कार्ड व मेजवानी हीं पानें आहेत. पानें वाईट नव्हेत. ज्यास तीं मिळतील त्यानें आभार मानून घ्यावीं, आणि ज्यास तीं नाहींत त्याचें कांहीं उणें झालें असें मानूं नये. पण फळ निराळें आहे. बेथलेहेमांत गोठ्याखेरीज कांहीं नव्हतें, तरी पहिली ख्रिस्तजयंती पूर्ण होती, कारण तारणारा तेथें होता. म्हणून सावकाराकडून पैसा काढून सण करणें हें प्रभूच्या नांवास शोभत नाहीं. फेडण्याचें ओझें लेंकरांवर पडतें. उलट मंडळींतील एका विधवेच्या घरीं पायलीभर धान्य पोंचविलें, किंवा जो आपणांस परत बोलावूं शकत नाहीं अशास आपल्या भाकरीस बसविलें, तर ती चाल कोणत्याही देशाची उसनी नाहीं. ती खुद्द प्रभूनें शिकविली आहे.

अभ्यासाचे प्रश्न

(१) शास्त्रांत तारीख नसतां आपण हा दिवस कोणत्या हेतूनें पाळावा?
(२) प्युरिटन लोकांचा कोणता विचार योग्य होता? दंड बसवून विश्वास वाढतो काय?
(३) त्या पहिल्या कार्डाचा मधला भाग व त्याच्या दोन बाजू ह्यांपैकीं आपला सण कोणत्या भागासारखा आहे?
(४) ह्या वर्षीं आपल्या मंडळीनें कोणाच्या घरीं जावें? नांवें ठरवून प्रार्थनेनें अभ्यास संपवावा.